महिन्यातून दोनदाच निघणारी ओम्नी आणि दर वेळी बसलेली बॅटरी

जुनी व्हॅन पंधरा-वीस दिवस उभी राहते. लग्नाचं, गावी जायचं किंवा केटरिंगचं सामान न्यायचं काम निघतं, चावी फिरवली की सेल्फ लागत नाही. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप देऊन किंवा धक्का मारून गाडी निघते, दिवसभर व्यवस्थित चालते आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग कोणीतरी सांगतं, बॅटरी गेली. नवी येते, सहा-आठ महिने बरे जातात आणि मग तीही बसते. असं दुसऱ्यांदा घडलं असेल तर तिसरी बॅटरी घेण्याआधी खालच्या तपासण्या करा. अशा गाड्यांत बॅटरी बहुतेक वेळा मरत नाही, तिला उपाशी ठेवून मारलं जातं.

इथले आकडे पेट्रोल ओम्नी धरून दिले आहेत. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, त्यामुळे आता रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच. तिची बॅटरी १२ व्होल्ट, ३५ एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो). डिझेल व्हॅनला ६५ ते ८० एएचची बॅटरी लागते, हीटर प्लगचा भार वेगळा असतो, पण तपासण्यांचा क्रम तोच.

लक्षणं: आधी कान द्या

चावी फिरवल्यावर "कट-कट-कट-कट" असा भराभर आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर व्होल्टेज कमी आहे. म्हणजे बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे.

"घुर्र… घुर्र…" करत इंजिन जड फिरलं तरी पहिला संशय तोच.

एकच "टक" ऐकू आला आणि हेडलाइट मात्र लख्ख राहिले, तर बॅटरीला दोष देऊ नका. सेल्फचे कार्बन ब्रश किंवा सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा स्विच) संपत आलेले असतात.

दिवे आधी पेटतात आणि चावी फिरवताच सगळं एकदम अंधारतं, तर टर्मिनल किंवा अर्थिंगची केबल. यात शंभरातल्या नव्वद वेळा दहा नंबरचा पाना पुरतो.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर प्रश्न पेट्रोलचा किंवा ठिणगीचा आहे. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत हे फार होतं. दोन आठवडे उभी राहिली की फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, पंपाला ते पुन्हा भरायला वेळ लागतो आणि तोवर माणूस सेल्फ मारून मारून चांगली बॅटरी उतरवतो. पाच सेकंद सेल्फ, तीस सेकंद थांबणं. चार-पाच वेळा करूनही नाही लागली तर थांबा, पुढे सेल्फच जळतो.

तपासणी १: हात आणि डोळे (खर्च शून्य)

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पाना आणि अंगठी यांच्यातून दोन टर्मिनल जोडली गेली तर बोट भाजतं, आणि ते भाजणं साधं नसतं.

दोन्ही टर्मिनल हाताने पिळून बघा. हाताने हललं म्हणजे सैल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते, ती सल्फेट. ती विजेला अडवते, दिव्याच्या चार-पाच अँपिअरला वाट देते पण सेल्फच्या शंभर-दीडशे अँपिअरला देत नाही. म्हणून "दिवे तर लागतायत" हा पुरावा कामाचा नाही. आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. पाणी सेलच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करा, पॉलिश पेपरने आतून-बाहेरून चमकवा, लावताना आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह. घट्ट केल्यावरच वरून व्हॅसलीन, आधी नाही.

आणखी एक भानगड टर्मिनलच्या जाडीची. जपानी पद्धतीच्या लहान बॅटऱ्यांचे खांब बारीक असतात, मोठ्या बॅटऱ्यांचे जाड. मागे कोणी जाड खांबाचं क्लॅम्प बारीक खांबावर बसवून मध्ये पत्र्याचा तुकडा ठोकला असेल, तर तो तुकडाच तुमचा बिघाड आहे. योग्य क्लॅम्प घ्या, नाहीतर शिशाची टोपी मिळते ती घाला.

बॅटरीचा वरचा भाग पुसा. धूळ आणि ॲसिडचा ओलावा मिळून दोन खांबांमध्ये वीज झिरपणारी वाट तयार होते, पावसाळ्यात तर हमखास. खात्री करायची असेल तर मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लाल तार पॉझिटिव्हवर आणि काळ्या तारेचं टोक बॅटरीच्या प्लास्टिकवर फिरवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर त्या मळातूनच चार्ज चालला आहे. ओल्या फडक्याने पुसलं की आकडा शून्याकडे येतो.

रात्री अंधारात गाडी बंद करून बाहेरून आत बघा. मागच्या दाराचं बटण अडकल्यामुळे छताचा दिवा चालू असतो आणि दिवसा तो कोणाला दिसत नाही. पाच वॉटचा दिवा जवळपास ०.४ अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला दहा एएच. ३५ एएचची बॅटरी दोन दिवसांत अर्ध्याखाली.

तपासणी २: रात्रभर विसावलेलं व्होल्टेज

तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर इथून पुढे लागेल. गाडी चालवून आल्यावर लगेच मोजू नका. तेव्हा खांबांवर वरवरचा चार्ज असतो आणि मेलेली बॅटरीही १२.९ दाखवते. रात्रभर उभी ठेवून सकाळी चावी लावण्याआधी मोजा.

१२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे पाव. ११.९ च्या खाली गेली तर रिकामी समजा. साडेदहाच्या आसपास येऊन ठाण मांडून बसली असेल तर सहापैकी एक सेल शॉर्ट झाला आहे, ती बॅटरी चार्जिंगने परत येत नाही.

लक्षात ठेवायचा आकडा १२.४. त्याखाली बॅटरी दोन-तीन आठवडे पडून राहिली की प्लेटवर सल्फेटचे स्फटिक टणक होतात आणि पुढे चार्ज करून विरघळत नाहीत. ३५ एएचची बॅटरी मग २०-२५ एएचची होऊन बसते. क्वचित निघणाऱ्या गाडीत बॅटरी मरण्याचं हेच सर्वांत मोठं कारण आहे, आणि नव्या बॅटरीलाही तोच रोग त्याच वेगाने लागतो.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाणी बघा. प्लेटच्या वर दहा-पंधरा मिलिमीटर हवं. फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं, पावसाचं, एसीतून ठिबकलेलं पाणी नको, त्यात क्षार किंवा धातूचे कण असतात. ॲसिड तर कधीच नाही. उडून जातं ते पाणी. प्लेट उघड्या पडल्या असतील तर बुडेपर्यंतच भरा, चार्ज करा आणि मग उरलेलं टाका, नाहीतर चार्ज होताना पाणी वर चढून बाहेर येतं. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजणारी नळी) असेल तर भरलेल्या बॅटरीच्या सेलमध्ये १.२५ ते १.२८ दिसावं. एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने मागे असेल तर तो सेल गेलेला.

तपासणी ३: पूर्ण चार्ज, मग सेल्फचा कस

बॅटरी १२.४ च्या खाली असताना केलेली पुढची कोणतीही चाचणी फसवते. आधी भरून घ्या. ३५ एएचला साडेतीन अँपिअरच्या आसपास, दहा-बारा तास. बॅटरीवाल्याकडे रात्रभर ठेवली तरी चालेल, पण "तासाभरात करून देतो" याला नाही म्हणा, जास्त करंटने प्लेट तापून वाकतात. घरच्या इन्व्हर्टरला जोडण्याचा जुगाडही नको. तो दीडशे एएचच्या बॅटरीसाठी दहा-पंधरा अँपिअर सोडतो, ३५ एएचची उकळून निघते. बॅटरी सीटखाली असेल तर चार्ज करताना दारं उघडी ठेवा, जवळ विडी-काडी नको. निघणारा वायू हायड्रोजन आहे.

(बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, म्हणून खाली लाकडी फळी, हे अजून ऐकू येतं. लाकडी आणि रबरी डबे होते तेव्हा त्यात तथ्य होतं. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीने काही होत नाही.)

चार्जर काढून काही तास जाऊ द्या. मग एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने खांबांवर मीटर धरावा. क्लॅम्पवर नाही, थेट खांबावर. सेल्फ फिरत असताना ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर. १०.५ च्या वर राहूनही सेल्फ जड फिरत असेल तर बॅटरी ठीक आहे, केबल किंवा सेल्फकडे वळा. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्टर असतो, बरेच जण पैसे न घेता तपासून देतात. भरलेली बॅटरी घेऊन जा, म्हणजे निकाल खरा येईल.

तपासणी ४: अल्टरनेटर भरतोय का

अल्टरनेटर म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी भरणारा डायनामो. इंजिन चालू, थोडं रेस दिलेलं, खांबांवर १३.८ ते १४.५ हवं. हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही १३.५ च्या वर टिकलं पाहिजे. १३ च्या खाली म्हणजे पट्टा सैल, वायर सुटलेली किंवा अल्टरनेटर कमजोर. पंधराच्या वर म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला. तो बॅटरीचं पाणी उडवतो आणि बल्ब जाळतो. गाडी तशी चालवत राहू नका.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उपसून "बंद पडली नाही, म्हणजे डायनामो चांगला" असं ठरवण्याची जुनी सवय काही गॅरेजांत अजून आहे. तसं करू देऊ नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड जातात. एमपीएफआय गाडीत (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली) ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो, आणि तीनशे रुपयांचा मीटर वाचवून कुठच्या कुठे जाता.

तपासणी ५: उभ्या गाडीत कोण खातंय

ही सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत टाळली जाणारी तपासणी.

गाडी बंद, चावी बाहेर, दारं लावलेली. दार उघडं ठेवावं लागत असेल तर त्याचं बटण दाबून ठेवा. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात घाला आणि चाक १० अँपिअर डीसीवर ठेवा. निगेटिव्ह केबल सोडा. मीटरचं एक टोक निगेटिव्ह खांबाला, दुसरं सोडलेल्या केबलला. आता चावी लावायची नाही. सेल्फ तर नाहीच, मीटरचा फ्यूज उडेल.

कार्ब्युरेटरवाल्या साध्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. म्युझिक सिस्टिमच्या मेमरीसाठी १०-२० मिलिअँपिअर, ईसीएम असेल तर थोडे आणखी. ५० च्या वर गेला तर शोध सुरू.

५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच. सेल्फला निम्मी तरी बॅटरी लागते असं धरलं तर ३५ एएचमधून सतरा जाईपर्यंत दोन आठवडे. १५० मिलिअँपिअर असेल तर पाच दिवससुद्धा नाहीत. शिवाय बॅटरी आपली आपणही महिन्याला काही टक्के उतरते, आणि उष्णता दर दहा अंशांनी वाढली की तो वेग साधारण दुप्पट होतो. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभी गाडी आणि महाबळेश्वरची गाडी यांना एक हिशेब लावता येत नाही.

मीटर जोडलेला ठेवून एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन पडतो, त्या वाटेवर चोर आहे. नेहमीचे गुन्हेगार: पिवळी (कायम वीज) आणि लाल (चावीवरची) वायर एकत्र बांधून बसवलेली म्युझिक सिस्टिम, ॲम्प्लिफायर, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक, गणपतीत लावलेली आणि तशीच राहिलेली एलईडी पट्टी, उंदराने कुरतडून बॉडीला टेकलेली वायर. यातल्या बऱ्याच वायरी फ्यूजबॉक्समधून न जाता थेट बॅटरीवरून घेतलेल्या असतात, म्हणून पॉझिटिव्ह खांबावर अंगच्या केबलखेरीज कोणती बारीक वायर आहे ते आधी बघा.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर अल्टरनेटरचे डायोड. रात्रभर उभ्या, थंड गाडीचा अल्टरनेटर हाताला कोमट लागला तर तोच. इथे थांबा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. अल्टरनेटरच्या जाड वायरीत फ्यूज नसतो, पाना बॉडीला लागला की ठिणग्या.

तपासणी ६: केबल आणि अर्थिंग

मीटर व्होल्टवर. एक टोक निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणीतरी सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थिंगची पट्टी सडली आहे किंवा तिच्या बोल्टखाली रंग, गंज आहे. तसंच पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत ०.५ च्या आत हवं. किनारपट्टीवरच्या गाडीत ही तपासणी वर घ्या, खाऱ्या हवेत केबल वेष्टणाच्या आतून हिरवी होते आणि बाहेरून धडधाकट दिसते. डिझेलचा सेल्फ कितीतरी जास्त करंट ओढतो, तिथे अर्ध्या व्होल्टचा फरकही गाडी अडवतो.

इथे स्वतः करणं बंद करा

बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा सडक्या अंड्याचा वास येत असेल तर तिला ना जंप द्यायचा ना चार्ज करायचा. केबल किंवा वायर गरम होऊन वास मारत असेल, चार्जिंग पंधरा व्होल्टच्या वर असेल, सेल्फमधून करकर आवाज येत असेल, फ्यूज बदलला की लगेच उडत असेल, तर ऑटो इलेक्ट्रिशियन. सीएनजी किंवा एलपीजी किटच्या वायरिंगमध्ये गळती निघाली तर किट बसवणारा अधिकृत माणूसच, दुसरा कोणी नाही. ॲसिड डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टर.

आता बॅटरी कोणती आणि तिला जोड काय

गळती बंद झाल्यावरच हा प्रश्न. "मोठी बॅटरी टाका" हा सल्ला सगळीकडे मिळतो. ३५ ऐवजी ४५ एएच टाकली तर गाडी आणखी चार-पाच दिवस तग धरेल, एवढंच. ओम्नीत ३८बी२०एल हा प्रकार बसतो. यातला बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, शेवटचं अक्षर खांबांची बाजू. बी२४ चार सेंटिमीटर जास्त लांब, ट्रेमध्ये बसत नाही, मग तिला दोरीने बांधतात. एलच्या जागी आर घेतली तर खांब उलटे येतात, केबल पोचत नाही. ओढून पोचवायला गेलात तर एखाद दिवशी उलटी जोडाल.

इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी तर अजिबात नको. ती तासन्‌तास थोडा करंट द्यायला बनवलेली असते, दोन सेकंदांत दीडशे अँपिअर फेकणं तिचं काम नाही. सीसीएच्या (थंडीत सेल्फला मिळणाऱ्या अँपिअरच्या) आकड्यामागेही धावू नका, तो कडाक्याच्या थंडीसाठी. आपल्याकडे बॅटरीला मारते ती उष्णता. एजीएम (काचेच्या मॅटमध्ये ॲसिड शोषलेली बंद बॅटरी) चांगली पण महाग, आणि उपाशी राहिली तर तीही मरतेच.

मेंटेनन्स-फ्री की झाकणाची? मेंटेनन्स-फ्री बॅटरी उभ्या उभ्या कमी उतरते, पण एकदा तळाशी गेली की नीट परत येत नाही. झाकणाची जरा जास्त उतरते, पण पाणी आणि ग्रॅव्हिटी बघता येते. निगेटिव्ह सोडून ठेवणार असाल तर मेंटेनन्स-फ्री. दर महिन्याला झाकण उघडून बघणारे असाल तर दुसरी.

घेताना उत्पादनाचा महिना विचारा आणि दुकानातच मीटर लावा. तीन-चार महिन्यांपेक्षा जुनी किंवा १२.४ च्या खालची घेऊ नका. वॉरंटी कार्डावर "१८+१८" लिहिलेलं असतं, त्यातले पहिले अठरा महिने फुकट बदलून मिळते, पुढचे अठरा फक्त किमतीत सूट. जुनी बॅटरी दुकानात द्या, बिलातून तिचे पैसे वजा होतात.

जोड पार्किंग बघून ठरवा.

पार्किंगमध्ये प्लग असेल तर आपोआप फ्लोटवर जाणारा छोटा चार्जर हा सर्वांत उत्तम उपाय. तो भरल्यावर साडेतेरा व्होल्टच्या आसपास स्थिरावतो. साधा जुना चार्जर तसा जोडून ठेवायचा नाही, तो थांबत नाही.

प्लग नसेल, जे सोसायट्यांत बहुतेकांचं आहे, तर निगेटिव्हवर कट-ऑफ स्विच. ट्रकच्या सामानाच्या दुकानात मिळतो. सेल्फचा करंट पेलणारा जाड पितळी घ्या, पातळ पत्र्याचा दोन महिन्यांत तापून सैल होतो. उभी करताना बंद, निघताना चालू, आणि इंजिन चालू असताना त्याला हात लावायचा नाही. घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं पुसली जातील. एमपीएफआय गाडी पहिले काही मिनिटं जरा खडखडत आयडल होईल, मग सावरते. दर सहा आठवड्यांनी बॅटरी काढून वर घरी न्या आणि रात्रभर भरा.

गाडी उघड्यावर असेल तर पाच वॉटचं सोलर पॅनल पुरतं, कडक उन्हात दिवसाला साधारण एक एएच देतं. उलटा करंट अडवणारा डायोड हवा. दहा वॉट किंवा वर गेलात तर चार्ज कंट्रोलर लावा. पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नका.

मागे माइक, पंखे किंवा फ्रिज चालवायचा असेल तर त्याची बॅटरी वेगळी, मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा-तोडणारा रिले. नवी आणि जुनी बॅटरी थेट समांतर जोडली की जुनी नवीला रात्रभर खाते.

राहिली ती दर रविवारची पाच मिनिटं. सेल्फ एकदा मारायला ०.१ एएचसुद्धा लागत नाही, तेवढं पाच मिनिटांत भरतं हे खरं. पण ५० मिलिअँपिअरच्या गळतीने आठवडाभरात गेलेले आठ एएच आयडलवर पाच मिनिटांत येत नाहीत, एखादा आला तर आला. वर सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि प्लग काळे होतात. चालू करायचीच असेल तर हेडलाइट बंद ठेवून चाळीस-पन्नास मिनिटं हायवेला फिरवून आणा. तेवढा वेळ नसेल तर चावी लावू नका, निगेटिव्ह सोडून ठेवा. नवी बॅटरी बसवली की तिच्या अंगावर चिकटपट्टी लावून तारीख आणि पहिल्या सकाळचं व्होल्टेज लिहून ठेवा. सहा महिन्यांनी सकाळी १२.६ च्या जागी १२.३ दिसलं तर पुन्हा तपासणी पाचपासून.